थाळी अजून माझ्याच कपाटात आहे

वाचक लिहितात

ताई, गावाचं नाव छापू नका. गोव्यात बार्देश तालुक्यातलं लहानसं गाव आहे, दोन ओळींत लोक ओळखतील. माझं वय ५८. लग्न केलं नाही, माहेरच्याच घरात आईबरोबर राहते. कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती घर आहे. तिथल्या आंटी आता ८१ वर्षांच्या. मला कळायला लागल्यापासून दर नाताळाला त्यांच्याकडून गोडाची थाळी येते आणि दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही ती नेवऱ्या (करंज्या) आणि मोदक घालून परत पाठवतो. यंदा आषाढात माझे बाबा गेले. चवथ केली नाही. त्यामुळे गेल्या नाताळातली त्यांची थाळी, वरच्या क्रोशाच्या कापडासकट, अजून माझ्याच कपाटात आहे.

पावसाळ्यात घसरून आंटींचं मनगट मोडलं. मुलगा स्विंडनला, मुलगी लिस्बनला. परवा कुंपणापाशी म्हणाल्या, ''औंदू कांयच करचें ना गो.'' म्हणजे यंदा काहीच करणार नाही गं. मला फार लागलं ते. वाटतं, सगळं आपणच करावं आणि थाळी भरून त्यांच्याकडे न्यावी. आई म्हणते, आपल्याला वर्षाचं आहे, घरात गोडधोड करायचं नाही, त्यात त्यांचा सण आपण कशाला करायचा? पुण्याचा भाऊ म्हणतो, एक बेबिंका ऑनलाइन मागव आणि मोकळी हो.

दुसरी गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी आठ वर्षांची असेन. नाताळच्या दिवशी दुपारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, येशूजन्माच्या गोठ्यापाशी मुलांना खाऊच्या पुड्या वाटायचे. लाल पतंगाच्या कागदाची पुडी, आत लिमलेटच्या गोळ्या, भाजलेले शेंगदाणे, चार कुलकुल (फणीवर वळून तळलेलं गोड) आणि एक बोलिन्यो बिस्किट. आंटींच्या मुलीबरोबर मीही जायची. त्या वर्षी धाकट्या भावाला गोवर आला होता, तो घरीच. माझी पुडी संपवून मी मागून वळसा घालून पुन्हा रांगेत उभी राहिले. पाद्रीसाहेबांनी नाव विचारलं. मी म्हटलं, 'मारिया'. शेजारी उभ्या राहून पुड्या देत होत्या त्या आंटीच. त्यांनी दुसरी पुडी माझ्या हातात ठेवली. ती भावासाठी होती. घरी जाताना गवताच्या गंजीमागे बसून मी तीही खाऊन टाकली. आता मनात येतं, यंदा गावातल्या मुलांसाठी शंभर पुड्या करून इगर्जीत द्याव्यात. हिंदू बाईनं जाऊन असं विचारलेलं चालेल का? आणि थाळीचं काय करू?

उत्तर

सोपा प्रश्न आधी संपवते. बेबिंका मागवू नका.

बेबिंकेशी माझं वैर नाही. नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि डझनभर अंड्यांची पिवळी बलकं, असं ते प्रकरण. एक पातळ थर घालायचा, वरून विस्तव ठेवून तो तांबूस होऊ द्यायचा, तूप लावायचं, मग पुढचा थर. सात थर तरी हवेतच. एका दुपारीत एक बेबिंका होते आणि करणारीचा चेहरा तिच्या वरच्या थराइतकाच भाजून निघतो. जुन्या बायका नारळाच्या कवट्यांचा आणि सोडणांचा विस्तव झाकणावर ठेवायच्या. आता ओव्हनमध्ये होते आणि चांगली होते. पण कुरियरनं आलेला खोका आंटींच्या टेबलावर ठेवलात, तर त्या आभाराचं 'देव बरें करूं' म्हणतील, खोका फ्रिजमध्ये जाईल आणि कुंपणापलीकडे काहीच हलणार नाही. भावाला आवडत असेल तर त्यानं स्वतःसाठी मागवावी. पुण्याच्या थंडीत बरी लागते.

आता तुमच्या आईकडे येते. तिचं तुम्ही पत्रात जरा रागानंच लिहिलं आहे. मला मात्र वाटतं, या प्रकरणात नियम नीट ठाऊक असलेली ती एकटीच आहे. फक्त तिनं तो अर्धाच सांगितला. वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असेल तर त्या घरात सणाचं तळण होत नाही, हा पहिला अर्धा. दुसरा अर्धा असा, की त्या घरी शेजाऱ्यांकडून येतं. चवथीला तुमच्याकडे कुणाकुणाच्या नेवऱ्या आल्या असतील ते आठवून बघा. आणि हे काही हिंदूंपुरतं नाही. ख्रिस्ती घरातही वर्षाचं असलं की नाताळचं गोड करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. त्या थाळीला कोंसवाद म्हणणारी पिढी अजून आहे.

म्हणजे यंदा थाळी तुमच्या घरून त्यांच्याकडे जायचीच नाही. ती त्यांच्या घरून तुमच्याकडे यायची आहे.

आता आंटींचं वाक्य पुन्हा वाचा. 'औंदू कांयच करचें ना गो.' हे त्या कुणाला सांगत होत्या? स्विंडनच्या मुलाला सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. त्यांनी सांगितलं कुंपणापाशी येऊन, ज्या घरात आषाढात माणूस गेलं त्या घरच्या मुलीला. तुम्ही त्यात 'बिचाऱ्यांना यंदा गोड मिळणार नाही' असं ऐकलंत. मला वेगळं ऐकू येतं. यंदा तुमच्याकडे थाळी पाठवणं कधी नव्हे इतकं गरजेचं आहे आणि नेमकं यंदाच माझं मनगट गेलं, असं त्या म्हणताहेत. तुम्ही भरलेली थाळी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिलात, तर त्यांच्या हातात उरलेलं देणंही तुम्ही काढून घ्याल. त्या हसून घेतील, आणि रात्री त्यांना झोप लागणार नाही.

माझं थोडं सांगते. मी पणजीच्या माळा नावाच्या वाड्यावर वाढले. वर मारुतीचं देऊळ, खाली फोंतेन्यासच्या गल्ल्या. आमच्याकडे दिवाळीचे पोहे झाले की पाच प्रकारच्या पोह्यांचं ताट खाली जायचं आणि नाताळला थाळी वर यायची. थाळीतली मांडणीसुद्धा ठरलेली. कडेनं नेवऱ्या, मध्ये दोदोलाच्या काळ्या चकचकीत वड्या, त्यांना टेकून चण्याच्या डाळीच्या दोसाचे शंकरपाळी कापे, मग पिनाग्र, म्हणजे भाजलेल्या उकड्या तांदळाच्या पिठाचे गूळ-खोबऱ्याचे मुठळे. यात अंडं कशातच नाही. बोलिन्यां, रव्याची बातिका, बेबिंकेची चकती, हे सगळं वेगळ्या केळीच्या पानात बांधलेलं असायचं, कारण आमची आजी अंडं खात नसे. हे शेजारणीला आमच्याकडून कुणी जाऊन सांगितल्याचं मला आठवत नाही. तिला ठाऊक होतं एवढंच. तुमच्या आईला जर तशी काही अडचण वाटत असेल, तर तिलाही हे माहीत असणारच. इतकी वर्षं तिनं त्या थाळीतलं काय खाल्लं आणि काय मुलांकडे सरकवलं ते तिलाच विचारा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. नाताळ सहा दिवसांवर. बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी जाताना उडवलेला, काही कुठून येत नव्हतं, आणि कोण कुणाशी कसं वागणार तेही कुणाला कळत नव्हतं. आई सांगायची, त्या वर्षी थाळी येईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. आली. नेहमीच्या निम्मी. साखरेचं काही नाही, गुळाचंच सगळं.

आणि तुमच्या पुडीची गोष्ट वाचल्यावर मलाही एक कबूल केलं पाहिजे. नऊ-दहा वर्षांची असताना खालच्या शेजारणीनं माझ्या हाती थाळी दिली, तिसऱ्या घरी पोचवायला. वाटेत कापड उचलून मी एक बोलिन्यो तोंडात टाकला. खोबरं-रव्याचं ते बिस्किट, वर सुरीनं पाडलेल्या चौकटी, कडा जरा जास्त भाजलेल्या. तो चावता चावता सां सेबास्तियांवाच्या कपेलापाशी, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापाशी, आले आणि दार सताड उघडं. त्या कपेलातला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. मी मान खाली घालून, गाल फुगवून, जवळजवळ पळत गेले. थाळीत खिंडार पडलं होतं. ज्या घरी पोचवायची होती त्या बाईनं कापड उचललं, खिंडाराकडे बघितलं, मग माझ्या हनुवटीवरच्या रव्याकडे, आणि आणखी एक बोलिन्यो काढून माझ्या हातावर ठेवला. खिंडार दोनाचं झालं. आज साठ वर्षं होतील, माझी लाज अजून त्या दोन जागांच्या मापाची आहे.

तर आता काय करायचं ते.

दोदोल करायचा. दुसरं काही नाही. नेवऱ्या नकोत, तळण येतं आणि आईला ते चालणार नाही. कुलकुल हे पोरांनी घोळक्यात बसून नव्या फणीवर वळायचं काम आहे, तुम्ही दोघी-तिघी बायका तिथे कंटाळाल. दोदोलच, कारण तो करायला मनगट लागतं आणि आंटींचं नेमकं मनगटच मोडलंय. मनगट तुमचं. बाकी सगळं त्यांचं: कढई त्यांची, चूल किंवा गॅस त्यांचा, डवला (ढवळायचा पळा) त्यांचा, आणि 'आतां पुरो' हा शब्दही त्यांचाच. तुमच्या स्वयंपाकघरात करून नेऊ नका. त्यांच्याकडे जाऊन करा.

डिसेंबरच्या मधल्या एखाद्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. माडाचा गूळ घ्या, तो काळा, शंकूसारखा, झावळात किंवा कागदात बांधलेला. हल्ली माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि गुळात साखर घालणारे वाढले, म्हणून एक कण जिभेवर ठेवून बघा. खरा माडाचा गूळ गोडाच्या मागून किंचित खारट लागतो. नुसताच गोड लागला तर पुढच्या बाईकडे जा, लाजू नका, बाजार त्यासाठीच असतो. अर्धा किलो तांदळाच्या पिठाला किलोभर गूळ आणि चार-पाच नारळ धरा. नारळ तुमच्या परसातले असतीलच.

आता थाळीचा प्रश्न सुटतो. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, आणि यंदा शिजवलेलं गोड तुमच्या घरून जाऊ शकत नाही. मग त्यात गुळाचे शंकू ठेवा, बाजूला सोललेले नारळ, एखादं शेर तांदळाचं पीठ. कोरा शिधा. त्याला वर्षाचं आड येत नाही, आई सुद्धा हो म्हणेल. वर तेच क्रोशाचं कापड, धुऊन, हलकी खळ देऊन. ते घेऊन जा आणि सांगा, 'आंटी, म्हाका शिकय', मला शिकवा. याउपर एक शब्द बोलू नका. तुमच्यासाठी करतेय, तुमच्याच्यानं आता होत नाही, असलं काही तोंडातून गेलं की संपलं. त्या आधी नाही म्हणतील. एकदा म्हणतील, कदाचित दोनदा. मग गुळाचा शंकू हातात घेऊन वास घेतील आणि 'हें खंयचें?', हा कुठला, असं विचारतील. तिथे समजा झालं.

आईला त्यांच्याकडे ओढून नेऊ नका. तिचा नवरा जाऊन सहा महिनेसुद्धा झालेले नाहीत. तिला फक्त नारळ खवायला द्या, आपल्याच ओसरीवर, विळी पुढ्यात घालून. तिनं कशासाठी म्हणून विचारलं तर खरं सांगा. खोबरं खवायला कसलं आलंय वर्षाचं. हात चालू असला की माणूस जरा बोलतं, एवढाच माझा अनुभव.

दोदोल कसा होतो ते आंटी शिकवतीलच, तरी तयारीला म्हणून सांगते. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा लागतो, त्यात कचरा असतो. नारळाचं दाट पहिलं दूध वेगळं ठेवायचं, पातळ दुसऱ्या-तिसऱ्या दुधात पीठ कालवायचं, गुळाचं पाणी घालायचं, आणि ढवळायला लागायचं. पहिला अर्धा तास वाटतं, यात काय मोठंसं. मग ते घट्ट व्हायला लागतं, दाट दूध पडतं, आणि डवला जड होत जातो. बुडबुडे येतात ते पाण्यासारखे नाहीत, चिखलासारखे, हळू फुगून 'थप्' करून फुटणारे, आणि फुटताना गरम थेंब मनगटावर उडतो. लांब बाह्यांचं घाला. थांबायचं मात्र नाही, थांबलात की बुडाला धरलं, आणि धरलेल्या दोदोलाचा वास शेजारच्या वाड्यापर्यंत जातो. दोन तास धरा, अडीचही होतील. तपकिरी होतं, मग काळपट, मग एका क्षणी कडेनं नारळाचं तेल सुटायला लागतं आणि सगळा गोळा कढईपासून सुटून डवल्याभोवती फिरायला लागतो. नवशिक्याला तिथे झालं असं वाटतं. झालेलं नसतं. आणखी किती ढवळायचं ते आंटींना खुर्चीत बसून, आवाजावरून कळेल. तुपाचा किंवा तेलाचा हात लावलेल्या ताटात ओतायचं, काजू दाबायचे, दुसऱ्या दिवशी वड्या. आठवडाभर सहज टिकतो, म्हणून २० तारखेच्या सुमारास केलेला बरा.

त्या दोन-अडीच तासांत तुम्ही दोघी एका खोलीत असाल, तुमची नजर कढईत आणि हात गुंतलेला. एखादी जुनी गोष्ट सांगायला याहून बरी जागा नाही. समोरासमोर बसून, चहा ठेवून, 'आंटी, मला तुम्हाला काही सांगायचंय' असं करू नका, त्यांना वाटेल तुम्हाला काही आजार झाला.

आणि सांगण्याआधी तुमचंच पत्र एकदा नीट वाचा. पाद्रीसाहेबांनी नाव विचारलं, तुम्ही मारिया म्हणालात. ठीक, पाद्रीसाहेबांना गावातली सगळी हिंदू मुलं नावानिशी ठाऊक नसतील. पण पुडी देत कोण होतं? आंटी. ज्या तुम्हाला कुंपणावरून रोज बघायच्या. ज्यांच्या मुलीबरोबर तुम्ही तिथे गेला होतात. ज्यांना, कुंपण एकच असल्यामुळे, तुमच्या घरात गोवर आलाय हे तुमच्या काकांच्याही आधी कळलं असणार. आणि पतंगाचा लाल कागद हाताळून गोळ्या चोखलेल्या मुलीची बोटं आणि ओठ कसले असतात ते मी सांगायला नको, तो रंग पाणी लागलं की सुटतोच. लाल ओठांची मारिया समोर उभी, आणि आंटींनी दुसरी पुडी काढून हातात ठेवली.

पन्नास वर्षं तुम्ही समजत आलात की तुम्ही त्यांना फसवलंत. मी तिथे नव्हते, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण माझ्या बोलिन्योवाल्या बाईला मी ओळखते, आणि या बायका एकाच मातीच्या असतात.

राहिलं ते भावाची पुडी गंजीमागे खाल्ल्याचं. त्याला आंटी काही करू शकत नाहीत. म्हणून तुमच्या शंभर पुड्यांबद्दल मी जरा साशंक आहे. इगर्जीत विचारायला काही हरकत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाद्रीसाहेबांना भेटा, २३ तारखेला नको, तेव्हा ते गोठा, गायन, मिसा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) यांत बुडालेले असतात. हिंदू बाई म्हणून कुणी भुवया उंचावणार नाही. पणजीच्या फेस्ताला ८ डिसेंबरला इगर्जीसमोर खाजे विकायला कोण बसतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि मध्यरात्रीच्या मिसेला मागच्या रांगेत निम्मं हिंदू गाव उभं असतं. पण आजच्या पोरांना सांता येतो, लकी ड्रॉ असतो, चॉकलेटांची पाकिटं असतात. तुमची लिमलेटची पुडी ती घेतील, थँक्यू म्हणतील आणि आईच्या पिशवीत टाकतील. तेव्हा त्या चार गोळ्यांना चव होती, कारण साखर रेशनवर मोजून यायची आणि घरात डबा वरच्या फळीवर असायचा. ते दिवस परत आणायची माझी तरी इच्छा नाही. तुम्ही पोरांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहाल, हवं ते दिसणार नाही, आणि मग मला दुसरं पत्र लिहाल.

तुम्हाला शंभर मुलांना खाऊ द्यायचा नाहीच आहे. एकाला द्यायचा आहे, आणि तो पुण्यात राहतो. लाल पतंगाचा कागद म्हापशात अजून मिळतो. शेंगदाणे भाजा, लिमलेट शोधा, कुलकुल आणि बोलिन्यां म्हापशाच्या बेकरीत डिसेंबरभर असतात. पुडी वळा आणि कुरियर करा. चिठ्ठीत 'गोवरवाल्या मुलासाठी, उशिराबद्दल क्षमस्व' इतकंच. त्याचा फोन येईल तेव्हा सगळं सांगा. ऑनलाइन मागवायचं त्याचं वेडही जरा उतरेल.

यानंतरही पुड्या वाटाव्याशा वाटल्या तर खुशाल वाटा. तेव्हा त्या मुलांना वाटल्यासारख्या होतील.

एक सोय सांगून ठेवते. २४ च्या आधी काही जमलं नाही, आंटींना बरं नव्हतं, आईचा मूड गेला, दोदोल बुडाला धरला, तर घाबरू नका. नाताळ २५ ला संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त, तुमच्याच बार्देशात रेईश मागूशला तीन पोरं मुकुट घालून राजे होतात, तोवर घराघरांतले गोठे आणि नखेत्रं (चांदणीचे आकाशकंदील) तशीच असतात. तोवरची थाळी ही नाताळचीच थाळी. गोठ्यावरून आठवलं, आंटींच्या गोठ्यात नाचण्याचं हिरवं रोप दरवर्षी कोण रुजवायचं? मोडक्या हातानं माती कालवणंही कठीण. नवरात्रात घटापाशी रुजवण घालणारी तुमची आई शेजारी बसलीच आहे. तिला परडी नेऊन द्या, आठ-दहा दिवस आधी, आणि फार काही समजावत बसू नका.

आणि दोदोलाच्या वड्या पडल्या की थाळी आंटींच्या टेबलावर त्यांनाच मांडू द्या, डाव्या हातानं का होईना, वेळ लागला तरी. वाकड्या मांडल्या तर वाकड्या राहू द्या. क्रोशाचं कापड त्यांनी घालायचं. थाळी जड होईल, ती तुम्ही उचला, पण फाटकातून पुढे त्यांनी यायचं, तुम्ही मागून. दार तुमच्या आईनं उघडायचं. मग दोघी काय बोलतील ते बोलतील, तुम्ही आत जाऊन चहा टाका.

रात्री थाळी धुऊन, पुसून पुन्हा त्याच कपाटात ठेवा. पुढच्या चवथीला तुमचं वर्ष सरलेलं असेल.